डावीकडे

मुरोरानच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या तिकीटघरामागे
एक लांबोडकी खोली होती.
अकरा यंत्रं, त्यांतली दोन कायम बंद,
रॉकेलच्या शेगडीवर किटली,
आणि सुटे पैसे द्यायला मिसुयोबाई,
बोटं कापलेले हातमोजे घालून.

मी पाचवीत. खिशात एकच नाणं.
ते संपलं की दुसऱ्याच्या खांद्यामागे उभं राहायचं.
आमच्याकडे गोष्ट ऐकायची हीच रीत:
समोर पाठ, पाठीपलीकडे उजेड.

ओदाजिमांची पाठ मला पाठ होती.
तिसरी भट्टी विझवली तेव्हा कारखान्यानं
ज्यांना घरी पाठवलं, त्यांतले ते.
पण घरी जायचे सातला,
पाळी सुटायच्या वेळेला,
डबा इथंच, शेगडीजवळ, हलका करून.

त्यांचा खेळ कोपऱ्यातला. नाव खरवडून गेलेलं.
हिरवं हेलिकॉप्टर, एक काठी, दोन बटणं
आणि सगळं जग उजवीकडे.
पूल आला, पाड.
पाणचक्की आली, पाड.
छोटं घर, दोरीवर तीन कपडे,
तेही पाड, दोनशे गुण.
शत्रू कोण, ते कुणी सांगितलं नव्हतं.
सुरुवातीला एकच ओळ यायची:
अंधाराआधी परत ये.
ती वाचायला कोण थांबतो!
बटण दाबलं की ओळ जायची.

शेवटी काळं जहाज. ते बुडालं
की यंत्र नाव विचारायचं, तीन अक्षरं,
आणि दहापासून उलटे आकडे मोजायचं.
सगळे घाईनं नाव कोरायचे, कॉलर ताठ करायचे,
यादीत वर कोण, खाली कोण,
यावरून एकदा दात पडला होता एकाचा.

त्या दिवशी ओदाजिमांनी जहाज बुडवलं
आणि हात मांडीवर ठेवले.
का, मला माहीत नाही. दमले असतील.
तीन. दोन. एक.
मी म्हटलं, काका, नाव!
ते हलले नाहीत.

पडदा काळा झाला, आणि मग
हेलिकॉप्टर डावीकडे वळलं.

संगीत नाही. फक्त पात्यांची घरघर.
ओदाजिमांनी बटण दाबून पाहिलं, गोळी सुटेना.
आल्या वाटेनं सगळं परत येऊ लागलं:
पाणचक्कीचं चाक नदीत आडवं,
तुटका पूल, दोन्ही टोकांना थांबलेल्या गाड्या,
आणि घराच्या जागी नुसती दोरी,
तिच्यावर एक कपडा. एकच.
वर कोपऱ्यात गुण उतरत होते,
दोनशे, पुन्हा दोनशे,
कुणीतरी उधारी फेडून घेत असल्यासारखे.
आकाश चारच रंगांचं,
त्या चारांत त्यांनी संध्याकाळ केली होती.

शून्य झालं तेव्हा तळ आला.
कुंपणाशी कुणीतरी कंदील धरून,
आठ ठिपक्यांएवढं उंच. तोंड नव्हतं त्याला,
तरी त्यानं वर पाहिलं हे मी पाहिलं.
कंदील खाली ठेवला.
अक्षरं उमटली: उशीर केलास.
बस, एवढंच.

किटली केव्हाची उकळत होती.
मिसुयोबाई झाकण उचलायला उठल्या नाहीत.
ओदाजिमांनी टोपी घातली, डबा उचलला.
साडेचार वाजले होते. डबा जड होता.
ते धक्क्याकडे नाही गेले,
चढणीच्या रस्त्यानं गेले, घराच्या.

यादी उजळली. तीच जुनी नावं.
शून्यावर पोचलेल्याला तिथं जागा नव्हती.

पुढचे दोन हिवाळे मी नाणी साठवली.
एकदा, एकदाच, जहाज माझ्या हातून बुडालं.
दहा. नऊ. आठ.
हात खिशात घातला, मूठ आवळली.
मागं चार पोरं उभी होती. सात.
सहाला मी नाव लिहिलं.

खोली बंद झाली, यंत्राची वायर उपटली,
तोवर मी आठवा होतो.